नऊ नंबरचे बूट

जबाब देणाराचे नाव: सदानंद दामोदर आगाशे. वय: ६३ वर्षे. व्यवसाय: धातुशास्त्र संशोधक, आता निवृत्त. मूळ गाव: सातारा. सध्या राहणार: त्सुकुबा शहर, स्वतःचे घर. घरात राहणाऱ्या व्यक्ती: दोन. जबाबाचा दिनांक: १२ फेब्रुवारी २०१९, सकाळी १० वाजून २० मिनिटे. दुभाषी: श्रीमती मंजुषा हिरेमठ.

तपास अधिकारी किशिमोतो-सान यांनी बोलावल्यावरून हजर राहून सांगतो की, मी या देशात एकोणतीस वर्षे आहे व मला जपानी उत्तम येते. तरीही मी दुभाषी मागितला. नोकरी, घर, भूकंपविमा या सगळ्याविषयी मी जपानीत बोललो आहे. पत्नीविषयी मी जपानीत कधी कोणाशी बोललेलो नाही आणि ते इथे शिकायची माझी इच्छा नाही.

माझ्या घरापासून चार घरे सोडून राहणाऱ्या श्रीमती सुरुची राजवाडे, वय ४४, यांची तक्रार अशी की, दिनांक ९ फेब्रुवारी रोजी दुपारी मी त्यांच्या दारातून स्त्रीच्या पादत्राणांचा एक जोड उचलून नेला. जोड नेला हे खरे आहे. चोरी केली हे खरे नाही. ते बूट माझी पत्नी नीलिमा हिचे आहेत. ती ३ तारखेपासून घरी नाही. ती कुठे आहे एवढे मला कळावे, बाकी माझे काही म्हणणे नाही.

आता क्रमाने सांगतो. मला नोंदी ठेवण्याची सवय आहे. २०११ च्या भूकंपानंतर किरणोत्साराची भीती होती, तेव्हा मी संस्थेतून मापक आणून रोज सायंकाळी सहा वाजता फाटकाशी, गटाराशी व बागेच्या मातीशी माप घेत असे. गल्लीतले लोक बेल वाजवून आकडा विचारत. लहान मुले असलेल्या बायका वहीतून आकडे उतरवून नेत. त्या वेळी नीलिमा सर्वांना चहा देत असे. पुढे आकडे उतरले व लोक येईनासे झाले. वही मी चालू ठेवली, फक्त विषय बदलले.

मागच्या जूनपासून नवा कायदा लागू झाला. राहत्या घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे तर नोंदणी करावी लागते, नोंदणी क्रमांकाची पाटी बाहेरून दिसेल अशी लावावी लागते, आणि राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव, पत्ता व व्यवसाय नोंदवहीत लिहावा लागतो. असे घर वर्षात एकशेऐंशी दिवसांपेक्षा जास्त चालवता येत नाही. हे नियम गल्लीत शेवटच्या पानापर्यंत वाचणारा बहुधा मी एकटाच आहे.

श्रीमती राजवाडे यांच्या घरी ऑक्टोबरपासून अनोळखी माणसे चाकांच्या बॅगा घेऊन येताना दिसू लागली. बहुतेक आपल्याकडची, तरुण, गळ्यात संशोधन संस्थेचे ओळखपत्र. दारावर पाटी नव्हती. मी नीलिमाला म्हणालो की, इथे काहीतरी पाणी मुरते आहे. ती म्हणाली, "अहो, वरच्या दोन खोल्या देते ती पोरांना. विचारा की तिलाच." मी विचारले नाही. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच विचारले तर तो सावध होतो.

दिनांक २६ जानेवारी, शनिवार. त्या आठवड्यात गल्लीच्या कचराकुंडीची जाळी धुण्याची पाळी माझी होती. कुंडी राजवाडे यांच्या दारासमोर आहे. दुपारी दोन वाजल्यापासून मी तिथे वाळत टाकलेल्या जाळीआड बसलो होतो. मी कोणाला दिसत नव्हतो व मलाही येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात-पाय तेवढे दिसत होते. जपानी घरात पादत्राणे दाराच्या आत काढतात, हे पोलिसांना सांगायला नको. आपली माणसे दाराबाहेर काढतात. म्हणून बाहेरून मोजता आली. सव्वातीन वाजता दारात चौदा जोड होते. सर्व स्त्रियांचे. प्रत्येक जोडाला मी क्रमांक दिला व रंग, अंदाजे माप, येण्याजाण्याची वेळ लिहिली.

जाताना प्रत्येकीच्या हातात कचऱ्याच्या पिशव्यांचे एकसारखे पाकीट होते. यावरून मी असा निष्कर्ष काढला की, घरात चौदा भाडेकरू दाटीवाटीने राहतात व त्यांना कचऱ्यासाठी घरमालकीण पिशव्या वाटते. दिनांक २८ रोजी मी प्रीफेक्चरच्या, म्हणजे इथल्या प्रांताच्या, संबंधित ऑफिसात लेखी तक्रार दिली. सोबत वहीतील यादी जोडली.

ते संक्रांतीचे हळदीकुंकू होते, हे मला नंतर समजले. पिशव्या हे वाण होते. हळदीकुंकवाला पुरुष जात नाहीत, त्यामुळे आत काय चालते याची मला कल्पना नव्हती. साताऱ्याला आई वाण म्हणून वाट्या लुटायची. कचऱ्याच्या पिशव्या लुटतील असे कोणाच्या स्वप्नात येईल? दुभाषी बाई इथे हसल्या. त्याही त्या दिवशी आत होत्या का, असे मी विचारले. त्या नाही म्हणाल्या. ते खरे धरून मी पुढे सांगतो.

किशिमोतो-सान यांनी विचारले की, तुमची पत्नी त्या कार्यक्रमाला गेली होती का. गेली होती. मला मात्र ती ग्रंथालयात जाते असे सांगून गेली होती.

यादीतील नऊ क्रमांक असा: तपकिरी बूट, २३ सेंटिमीटर, डाव्या बुटाची नाडी राखाडी, उजव्याची पांढरी, दोन वाजून पाच ते पाच वाजून चाळीस. ती राखाडी नाडी मी स्वतः घातली आहे. घरात पांढरी शिल्लक नव्हती.

दिनांक २ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी नीलिमाला टेबलावर तक्रारीची प्रत सापडली. ती मी लपवलेली नव्हती. तिने उभ्यानेच चारही पाने वाचली. मग म्हणाली, "नऊ नंबरचे बूट माझे आहेत."

मी म्हणालो, "मग ग्रंथालयाचं खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही शंभर प्रश्न विचारले असते. कोण येतं, का येतं, तिचा नवरा काय करतो. मला नुसतं तिळगूळ घ्यायला जायचं होतं हो." थोड्या वेळाने तिने विचारले, "बूट ओळखले नाहीत, की ओळखून लिहिलेत?"

मी म्हणालो की, नोंद ती नोंद, त्यात आपले परके करता येत नाही. हे उत्तर मी त्या वेळी बरोबर समजत होतो. पोलिसांपुढे खोटे बोलू नये म्हणून सांगतो की, मी ते बूट दोन वाजून पाच मिनिटांनीच ओळखले होते. मला राग आला होता, आणि रागात माझे अक्षर नेहमीपेक्षा चांगले येते.

तिने आणखी एक प्रश्न विचारला. "माझी वेगळी वही आहे का हो तुमच्याकडे?" मी नाही म्हणालो. वेगळी वही नाही हे खरे आहे. वही क्रमांक चारमध्ये मागची काही पाने आहेत.

दिनांक ३, रविवार. तिने एक लहान बॅग भरली व अद्वैतकडे चालले असे सांगितले. अद्वैत हा आमचा मुलगा, वय ३१, सेंदाई येथे विद्यापीठात असतो. मी स्टेशनवर सोडायला येतो म्हणालो. ती नको म्हणाली. दारातून निघताना गॅसचे बटण बंद करायची आठवण केली, ती रोज करते तशीच. ती दहा वाजून दहा मिनिटांनी गेली. गाडी कोणती पकडणार हे तिने सांगितले नाही.

दिनांक ५, ६ व ७ रोजी मी अद्वैतला फोन केला. तिन्ही वेळा आई आंघोळीला गेली आहे असे उत्तर मिळाले. फोन अनुक्रमे सकाळी नऊ, दुपारी एक व सायंकाळी सातचे होते. नीलिमा सकाळी सहाला आंघोळ करते. बत्तीस वर्षांत यात फरक नाही. मी म्हणालो, "अद्वैत, तू खोटं बोलतोयस." तो म्हणाला, "दाइजोबु, बाबा. ती ठीक आहे. प्लीज, काउंट करू नका ना सगळं." लहानपणापासून त्याला काही टाळायचे असले की तो असाच तीन भाषांत शिरतो.

दिनांक ७ रोजीच प्रीफेक्चरचे दोन अधिकारी राजवाडे यांचे घर तपासून गेले. नोंदणी रीतसर आहे, खोल्यांचे माप बरोबर आहे, नोंदवही पूर्ण आहे, असे मला फोनवर कळवण्यात आले. पाटीही पहिल्यापासून होती. ती दाराच्या वरच्या भागात आहे आणि दसऱ्याला लावलेले झेंडूचे कापडी तोरण तिच्यावर लोंबत होते. तोरण चार बोटे वर घ्यावे, एवढीच सूचना त्यांनी केली. म्हणजे माझी तक्रार चार बोटांपुरती खरी ठरली.

दिनांक ९, शनिवार, हिमवर्षाव होत होता. तोरण वर घेतले की नाही हे पाहण्यासाठी मी दुपारी अडीच वाजता त्या दाराशी गेलो. घेतले होते. पाटी स्वच्छ दिसत होती. दाराबाहेर छपराखाली पादत्राणांचा एकच जोड होता. तपकिरी, २३ सेंटिमीटर, डावी नाडी राखाडी.

मी बेल वाजवली नाही. का वाजवली नाही, असे किशिमोतो-सान यांनी दोनदा विचारले. बेल वाजवली असती तर कोणीतरी दार उघडले असते आणि मला काहीतरी सांगितले असते. बूट उचलले, कोटाच्या आत घेतले व घरी आलो. बुटाशिवाय या बर्फात ती कुठे जाणार, घरीच येईल, असे मला वाटले. हा विचार तेव्हा सरळ वाटला होता. आता बोलून दाखवताना मला माझीच लाज वाटते आहे.

सायंकाळी श्रीमती राजवाडे माझ्या दारी आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "काका, ते बूट द्या. आणि चौकशी करायची तर आत येऊन करायची होतीत. चहा टाकला असता मी."

मी विचारले, "नीलिमा तुमच्याकडे आहे का?"

त्या म्हणाल्या, "माझ्याकडे कोण राहतं ते मी कोणाला सांगू शकत नाही. नियम आहे. तुम्हाला तर माहीतच असेल."

मला माहीत आहे. मी बूट दिले नाहीत. म्हणालो की, ज्याचे त्याने येऊन न्यावेत. त्यावर त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. त्यांच्याविषयी माझ्या मनात अजूनही संशय आहे का, असे किशिमोतो-सान यांनी विचारले. नाही. माझी बत्तीस वर्षांची सवय आहे, ती एका दिवसात जाणार नाही, पण त्यांच्याविषयी नाही.

जबाब इथपर्यंत आल्यावर किशिमोतो-सान यांनी पत्नीची परवानगी घेऊन मला पुढील माहिती दिली. नीलिमा दिनांक ३ फेब्रुवारीपासून श्रीमती राजवाडे यांच्या वरच्या मजल्यावर स्वतःच्या इच्छेने राहत आहे. नोंदवहीत तिने स्वतःच्या हाताने नाव लिहिले आहे. तिची प्रकृती चांगली आहे. ती सेंदाईला गेलीच नव्हती. माझ्या घरापासून ती चार घरे दूर होती आणि मी तीन दिवस सेंदाईला फोन लावत होतो. नोंदवहीत पत्त्याच्या रकान्यात तिने कोणता पत्ता लिहिला, असे मी विचारले. ते सांगता येत नाही असे उत्तर मिळाले.

२८ जानेवारीच्या तक्रारीत मी माझ्या पत्नीला त्या घरातील भाडेकरू क्रमांक नऊ असे लिहून दिले होते. ती माहिती तेव्हा खोटी होती. सहा दिवसांनी ती खरी झाली. ही तक्रार मी मागे घेत आहे. वही क्रमांक चार आज सोबत आणली आहे. ती पोलिसांनी ठेवून घेण्याचे कारण नाही असे सांगण्यात आले, म्हणून ती श्रीमती हिरेमठ यांच्यामार्फत नीलिमाला पोचवावी अशी विनंती आहे. मागची पाने फाडलेली नाहीत. तिने ती वाचावीत की जाळावीत हे तिचे तिने ठरवावे.

बूट टेबलावर ठेवले आहेत. ते वाळवून आतून कागद भरला आहे. काल मी दुकानातून पांढरी नाडी आणली होती, पण बदलली नाही. राखाडी तिने आठ महिने वापरली, त्या अर्थी तिला ती चालत असावी. विचारल्याशिवाय बदलणे योग्य वाटले नाही.

घर एकशेऐंशी दिवस चालवता येते. दिवस दुपार ते दुपार मोजतात; तिचे आज दुपारी नऊ पूर्ण होतील. त्यापुढे काय, हे मी कोणाला विचारलेले नाही व विचारणार नाही. तिला सांगायचे असेल तर माझ्या दाराची बेल चालू आहे.

वरील मजकूर श्रीमती हिरेमठ यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. एक दुरुस्ती सांगितली ती अशी: अगदी सुरुवातीला, घरात राहणाऱ्या व्यक्ती दोन असे मी सांगितले आहे. तिथे एक असे लिहावे. ही दुरुस्ती माझ्या समक्ष करण्यात आली व तिच्यापुढे मी अंगठा उठवला आहे.

सही: सदानंद दामोदर आगाशे