कड कुणाची मोडली?

"हॅलो?… कोण, साधना? थांब, घरात आवाज तुटतोय. ओट्यावर येते."

सगुणाबाई फोन कानाशी धरून ओट्यावर येऊन बसल्या. नात कॉलेजच्या सरांबरोबर कच्छात दगड तपासायला गेली होती. शिरूरच्या पोरीनं जुन्या समुद्राचा अभ्यास करावा, याचं त्यांना अजून नवल वाटे.

"हं, बोल… बाप? त्यो रांजणगावला, सेकंड शिफ्टला… रडतीस व्हय?… बरं, न्हाई रडत. नाक तेवढं पूस."

"हो, हो… अगं ऐक ना. मला उमजंल असं सांग. तिथं उथळ समुद्र हुता. बरं. वादळानं वाळूचा थर टाकला, त्यावरनं किडं गेलं, आन् त्यांचा माग दगडात ऱ्हायला… किती वर्षं?… असू दे, आकडा नको सांगू."

"दोन माग हायत. एक बारका, एक रुंद. सर म्हणत्यात, रुंद आधीचा… सर ऱ्हाऊ दे गं. तुला काय दिसतंय?"

पलीकडं बराच वेळ बोलणं चाललं.

"एकच सांग. दोन्ही जिथं एकमेकांवर येत्यात, तिथं कड कुणाची मोडलीय?… बारक्याची. मग झालं की. ज्याची कड मोडली त्यो आधी गेला. मोडणारा नंतर आला. एवढ्याला कॉलेज कशाला लागतंय?"

"सही? कसली सही?… सरांचंच बरोबर म्हणून लेख तुझ्याबी नावानं छापणार… आन् न्हाई केलीस तर?… लेखातनं तुझं नाव काढून टाकणार. दोन वर्षं उन्हात तू राबलीस ना?"

त्या आवाज उतरवून बोलू लागल्या.

"हे मी तुझ्या बापालाबी सांगितलं न्हाई. दौंडजवळ, भीमेच्या काठाला आपली मेंढरं बसली हुती. मी नवी नवरी. गाळात लांडग्याचा पंजा दिसला. मामंजी म्हणाले, जुना हाय, लांडगा कवाच पुढं गेला. मेंढरांभोवती वाघरीचं जाळंबी लावलं न्हाई. पर मी बघितलं हुतं. पंजा आपल्याच मेंढीच्या खुराच्या ठशावर पडलेला, ठशाची कड मोडलेली. म्हंजी त्यो आपल्या मागनं येत हुता… न्हाई, बोलले न्हाई. सासऱ्याला सून खोटं पाडती व्हय? सकाळी नऊ कोकरं न्हवती."

"… व्हय, नऊ. मामंजींनी कुत्र्याला बडवलं. मी तवाबी गप्पच."

"म्हणून सांगते, सही करायची न्हाई… मान? मान दे की. वाकून नमस्कार कर, मग त्याच दगडापाशी ने आन् बोट ठेवून दाखव… रागावू देत. नाव काढायचं तर काढू देत. तुझ्या डोळ्यांनी बघितलेलं त्यांना काढता येतंय का?… बाप रागावला तर त्याचं मी बघते."

"आता कुठं हायत ते?… गाडीपाशी. ऊन तिरपं झालं असंल तिकडं. तिरप्या उन्हातच माग नीट दिसतो, भर दुपारी न्हाई. जा, आत्ताच घेऊन जा… गाडी सुरू केली? मग माझ्याशी काय बोलत बसलीस? हाक मार त्यांना… अशी न्हाई. मेंढरं आडवताना मारत्यात तशी मार… हां."

फोनमधून नातीची हाक सगुणाबाईंना ऐकू आली. दुसरी त्याहून मोठी होती.

"ठेवते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.