बाहेरच्या खोलीतला उमेदवार

...दोन दिवसांसाठी! त्याचेच शब्द बरं का हे! चार वर्षांपूर्वी दारात बॅग घेऊन उभा, "भाऊजी, दोनच दिवसांसाठी आलोय," आणि तेव्हापासून आमच्या बाहेरच्या खोलीतला दिवाण, पंखा, खिडकी, सकाळचा पेपर, सगळं त्याच्या ताब्यात, आणि मी माझ्याच घरात स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून चहा पितो! मेहुणा आहे माझा. बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. मी काही बोललो नाही.

तर तुम्हाला सांगतो, एक दिवस हा जांभई देत देत म्हणाला, "भाऊजी, मी विधानसभेला उभा राहतोय." अहो, समोर दूध उतू गेलं तरी जो उभा राहिला नाही, तो एकदम विधानसभेला? स्वतःच्या अंथरुणाची घडी घालता येत नाही आणि निघाला राज्याची घडी बसवायला! हसणारच होतो मी... पण डोक्यात प्रकाश पडला. समजा आला निवडून, तर? आमदार राहतो कुठे? राजधानीत! तिथे त्याला खोली, तिथे त्याला दिवाण, आणि माझी खोली मला! झालं, त्या क्षणापासून त्याचा सगळ्यात कट्टर समर्थक कोण? मी!

पक्षांनी दारात उभं केलं नाही, म्हणून अपक्ष. आणि चिन्ह? चिन्ह घेतलं उशी! यादीत बॅट होती, शिडी होती, शिट्टी होती, याची नजर गेली उशीवर. दुसऱ्या दिवशी घरातल्या झाडून सगळ्या उशा प्रचाराला! हा पुढे, डोक्यावर माझी उशी, माझी!, "बंधूंनो, भगिनींनो, ओळखा ही उशी!" आणि मी पंधरा दिवस टॉवेलची गुंडाळी डोक्याखाली घेऊन झोपतोय. मान अशी अवघडली की ऑफिसात साहेबांकडेसुद्धा तिरकं बघत होतो. मी काही बोललो नाही.

बरं, ऑफिस माझं कुठलं? पाणीपुरवठा! एकवीस वर्षं तक्रारींच्या खिडकीवर बसतो मी. आणि हा सभेत ओरडतो, "चोवीस तास पाणी देईन!" घरी आल्यावर हळूच मला, "भाऊजी, आपल्याकडे पाणी येतं कुठून हो?" कुठून येतं! नळातून येतं बाबा, आणि तुझी अंघोळ संपेपर्यंत जातं!

मतदानाच्या दिवशी रांगेत पहिला मी. यंत्रावर तेरा नावं, तळाला उशी. इतक्या तिरस्कारानं कुणी कधी बटण दाबलं नसेल, पण दाबलं! आणि उमेदवार? उमेदवार शाळेच्या फाटकाबाहेर फोटोवाल्याची वाट बघत! "मत देतानाचा फोटो पेपरात यायला हवा ना, भाऊजी." फोटोवाला गेलेला बड्या उमेदवारांकडे. हा भांग पाडतोय, कॉलर सारखी करतोय, परत भांग पाडतोय... आणि सहा वाजता फाटक बंद! स्वतःचंच मत राहिलं! वर मला म्हणतो, "जाऊ द्या हो, एका मतानं काय होतंय?" मी काही बोललो नाही.

निकाल लागला. आपटला, ते सोडा. पण केंद्रावर कुणाला किती पडली, ती यादी आली. आमच्या केंद्रावर उशीला मतं किती? एक! अहो, घरात मतदार चार. हा फाटकाबाहेर राहिला. उरलो मी, बायको आणि आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई. मी बघितलं दोघींकडे.

सासूबाईंनी डोळे पुसले. "जावईबापू, तिकडे त्याच्या जेवणाचे हाल झाले असते हो... दाबलं मी दुसरंच." बायको खाली बघून म्हणाली, "तो गेला असता तर घर खायला उठलं असतं. मीपण..."

म्हणजे बघा! ज्यांचा त्याच्यावर जीव, त्यांनी त्याला पाडला, आणि ज्याला तो डोळ्यांसमोर नको, त्या एकट्यानं मत दिलं!

हे सगळं त्यानं दिवाणावरून ऐकलं. उठला! चार वर्षांत पहिल्यांदा आपणहून उठला, येऊन मला घट्ट मिठी मारली, डोळ्यांत पाणी. "भाऊजी, या घरात माझी किंमत फक्त तुम्हाला कळली. आता मी तुम्हाला सोडून कुठे जात नाही. पाच वर्षं इथेच राहून पुढच्या निवडणुकीची तयारी करतो." आणि माझी उशी डोक्याखाली घेऊन परत आडवा झाला. "तेवढा पंखा वाढवता का हो?"

मी काही बोललो नाही. दोनवर होता, चारवर केला.