आमच्या कॉम्प्युटरमधली तारीख

– नका, त्या माऊसला हात नका लावू मॅडम, आधी हे फडकं घ्या. चिकट आहे तो. सगळंच चिकट आहे, आणि आत तर बघवत नाही – उघडलंत ना झाकण? ई! त्या पंख्याला अडकलेला केसांचा गुंता बघा, उंदीर मरून पडल्यासारखा. पण खरी किळस पडद्यावर आहे. काल सकाळपासून ते लाल पान तसंच उभं – तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलंय, पैसे पाठवा, किल्ली देतो. आणि वर ‘कृपया’! म्हणजे लोकांच्या घरात शिरायचं, त्यांच्याच कपाटाला आपलं कुलूप ठोकायचं, आणि कृपया म्हणायचं! शी! थुंकावंसं वाटतं हो, पण थुंकणार कुणावर?

अँटिव्हायरस? होता की! म्हणजे आहेच – कोपऱ्यात बघा, हिरवी खूण. जावयाने टाकून दिलेला. हा डबाही त्यानेच आणून दिला, आमच्या हिला लिहायला. ही नर्स होती, चौतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात. कोणती बाई कशी सुटली, कोणतं पोर कसं उलटं आलं, कोणता बाप खाली जिन्यात बसून रडला – सगळं लिहून काढत होती. दोन वर्षं. डोळ्यांत काचबिंदू, म्हणून अक्षरं एवढी मोठी करून दिली होती, पानावर जेमतेम दहा ओळी मावायच्या – आणि तरी नाक पडद्याला टेकायचं. सातशे पानं झाली, मॅडम. आता चार शब्दांपुढे डोळे टिकत नाहीत तिचे. म्हणजे पुन्हा लिही म्हणायची सोय नाही. पेन ड्राइव्ह? आहे ना, तो काय, मागे खोचलेला. कायमचा तिथेच. काढून ठेवला तर हरवेल म्हणून मीच – काय? त्यालाही कुलूप? त्यालाही? – नालायक, नालायक लोक!

नाही, पडलो मी घोटाळ्यात, मान्य. बुद्धिबळाचा खेळ उतरवला एक, फुकटातला. पण पहारेकरी ठेवलाय कशाला मग? चाळीस वर्षं गोदाम सांभाळलंय मी, आमचा वॉचमन झोपला तरी एक डोळा उघडा असायचा. हा तर दिवसरात्र हिरवा! – काय म्हणालात? नव्या व्हायरसांची यादी? कधीपासून उतरली नाही? अकरा महिने?

हं. आता तारीख विचारणार तुम्ही. बघताय काय, दिसतेय की. चार मार्च.

त्याचं असं झालं – वर्षभराची मुदत होती अँटिव्हायरसची, मार्चअखेरपर्यंत. रोज उठून पाटी यायची, मुदत संपत आली, मुदत संपत आली. जावई म्हणाला होता, ‘बाबा, संपली की मला सांगा, मी बघतो.’ हसून म्हणाला. ते हसणं मला खपत नाही. घरात टीव्ही त्याचा, पंखा त्याचा, आता व्हायरसही त्यानेच मारायचे? आणि स्वतः पैसे भरायचे तर कुठे, कसे, ते येत नव्हतं. विचारायची सवय नाही मला. गोदामात सगळे मलाच विचारायचे. तर एका ओळखीच्याने युक्ती सांगितली – तारीख मागे घ्या, त्याला वाटेल मुदत आहे अजून. घेतली. पाटी बंद! काय खूश झालो होतो मी. मग दर महिन्याला, एकतीस जवळ आली की परत एक तारीख. बँकेचं पान उघडेना – तेही ह्या तारखेपायीच असणार – तेव्हा बँकेला शिव्या घातल्या. आता कळतंय तुमच्या तोंडून, मार्चमध्ये अडकलेल्याला नवे चोर ओळखूच येत नाहीत. म्हणजे वॉचमनला मीच अफू पाजली.

हसू नका. नाही हसत? बरं.

हिला माहीत आहे का? नाही. म्हणजे – तिला दिसलं होतं. लिखाणाखाली तारीख घालायची सवय तिला, वॉर्डातली. एकदा म्हणाली, अहो, इथे अजून मार्चच कसा? ऑक्टोबर चालू होता तेव्हा. आणि मी – मी पेपर वाचत होतो, मान वरसुद्धा केली नाही – म्हटलं, मार्च? ऑक्टोबरच आहे की गं तिथे. तुझे डोळे बघ एकदा.

सहज गेलं तोंडातून. शप्पथ, सहज. पण मग मागे घेता येईना. आठवड्याने डॉक्टरकडे गेली, मीच नेलं, तिथे मीच सांगितलं – हिला आहे त्याच्याऐवजी दुसरंच दिसतं हल्ली. त्याने थेंब वाढवून दिले. जळजळतात ते, डोळे लाल होतात. पेपर वाचणं तिने सोडलं. रस्ता एकटीने ओलांडत नाही. म्हणते, दिसतं तेच खरं नसेल तर काय भरवसा. चौतीस वर्षं अंधाऱ्या वॉर्डात पोरं हातावर झेललेली बाई आहे हो ती! आणि मी बाजूला बसून, एकतीस जवळ आली की – शी. त्या चोरांना मी काय तोंडाने शिव्या देतोय मघापासून! मलाच माझी शिसारी येतेय.

ऐका, ती उठली वाटतं. भिंतीला हात लावत येते हल्ली. तुम्ही तिला सांगा, मशीन जुनं होतं, कुणाच्या बापाला वाचवता आलं नसतं – सांगाल ना? तुमचं ऐकेल ती. तुम्ही जाणकार, आणि – काय? अशा का बघताय?

नको. काही सांगू नका. आणि तारखेला हात लावू नका, राहू दे ती चार मार्चच. तिला खुर्चीत बसवून ती वाचायला सांगतो मी, मोठ्याने, आणि या वेळी ‘बरोबर’ म्हणतो. – बॅग भरा तुमची. झाकण राहू द्या तसंच. निघा, मॅडम, निघा आता.