झरीचा औसत आसामी

—मिशीला तेवढा हात लावू नका, मामा. दाढी करा, मानंवरचे केसं काढा, कानातले बी काढा हवं तर, पन मिशी हाय तितकीच राहू द्या. वाढली न्हाई पायजे आन कमी बी झाली न्हाई पायजे. हसायलाव का? हसा, हसा. मला बी आधी हसूच आलं व्हतं. मी कोन हाय, म्हाईत हाय का तुमाला? मी मुंजाजी. झरीचा. न्हाई हो, तुमी म्हनता तो मुंजाजी वेगळा, तो तेली — मी झरीचा औसत. उद्या सकाळी तुमच्या या परभणीत, मोठ्या शाळंत, हैदराबादचे साहेब इम्तिहान घ्यायला यायलेत, आन त्यायच्या म्होरं मला हुभं करनार हायेत. इम्तिहान मी न्हाई देनार. चाळीस वर्साचा घोडा मी, मला सही बी येत न्हाई, आंगठा लावतो. मी जबाब हाय. राधाकिशनच्या हिसाबाचा जबाब.

तो बघा, बाहेर लिंबाखाली बिडी ओढायलाय, त्योच राधाकिशन. आमच्या मालकाचा — दिनकरराव देशमुखाचा — थोरला. त्यायचंच रान करतो मी. पोरगं शाळंत हाय अजून. व्हय, शाळंतच. मिशा फुटल्या, लगीन झालं, पन आठवी काही त्याला सोडंना. मालकानं काय कमी केलं का? न्हाई. घरी मास्तर ठेवला, दंडाला ताईत बांधला, दर्ग्यावर चादर घातली, बदामं चारली — बदामानं अंग तेवढं सुटलं. पोरगं वाईट न्हाई बरं. शेर म्हनतो, घोड्यावर बसतो, उर्दूत असा बोलतो की तहसीलदार बी 'वाह' म्हनला. पन भागाकार म्हनलं की त्याला झोप येती. खरंच येती, मी बघितलंय, बसल्या जागी मान पडती. आन औंदा शाळंत नवे मास्तर आलेत, त्यायनं हिसाबात नवंच खूळ काढलं — औसत.

औसत म्हंजे काय, सांगू का? म्हंजे राधाकिशनला जितकं कळलं त्यातलं मला जितकं कळलं तितकं सांगतो. गावातले समदे बैल एका जागी हाकलायचे, आन सगळ्या घरायला सारखे वाटून द्यायचे. मालकाच्या गोठ्यात बैलायला जागा न्हाई आन धुरपता म्हातारीच्या दारात शेळी बी न्हाई, तरी बी दोघायला सारखेच. खरंच वाटायचे का? मी बी हेच इचारलं, मालकाच्या बैठकीत, चार लोकायत. तर मालकानं माझ्याकडं असं बघितलं — असं बघितलं की मी उठून थेट गोठ्यात शेन भरायला गेलो. निसतं कागदावर वाटायचे म्हने.

तर मास्तरनं सुट्टीचा अभ्यास दिला — आपापल्या गावातलं औसत घर काढून आना. कर्त्या मानसाचं वय, उंची, बैलं, लेकरं, समदं. मिशी मास्तरनं सांगितली नव्हती, ती राधाकिशननं पदरची घातली, कागद मोकळा दिसत व्हता म्हनून. आन पोरगं मोजायला निघालं तर गावात बोभाटा झाला की बैलावर नवी पट्टी बसायलीय. लढाईचे दिस हायेत, मामा, कागद घेऊन कोनी दारात आलं की लोकं दारं लावून घेतेत. निम्म्या गावानं बैल वढ्यात नेऊन दडवले. आसारामानं तर तीन लेकरं आजोळी धाडून दिली — लेकरावर बी पट्टी बसंल म्हने, काय नेम हाय. तरी राधाकिशननं मन घट्ट करून भागून बघितलं, तोंडावर पानी मारून मारून. जबाब काय आला? पावने दोन बैल आन साडेतीन लेकरं. मालक भडकले. अर्धं लेकरू कुठं असतंय का, म्हनले, माझ्या गावाची अब्रू घेतो का तू, जबाब आन तर पुरा आन. आन त्याच टायमाला मी वाड्याम्होरून चाललो व्हतो. दोन बैल. घरी तीन लेकरं. राधाकिशननं खिडकीतून मला बघितलं आन उतरून काढलं.

व्हय, उतरून काढलं — आता तुमाला म्हनून सांगतो, बाहेर बोलू नका. दुसऱ्यांदा भागलं-बिगलं काही न्हाई. म्हंजे बघा, गावाचं गनित करून मी निघालो न्हाई, माझ्यावरून गावाचं गनित निघालं. आन मास्तर? मास्तर नाचायचेच बाकी राह्यले. उभा जन्म हिसाब शिकवलो, पन ज्या गावाला भागल्यावर काही उरत न्हाई असं गाव बघितलं न्हाई, म्हनले. त्यायनं हैदराबादला लिहिलं. साहेबाचं उत्तर आलं की असा आसामी खरंच असंल तर समक्ष हाजिर करा — असला तर पोरगं पास, नसला तर पोरगं नापास आन मास्तरची चौकशी. तवापासून मालकाचा हुकूम, मुंजा, तू जसा हायेस तसाच राह्यचं. इम्तिहान होईस्तोवर हलायचं न्हाई.

सोपं वाटलं का? तुमी राहून बघा तसंच. दर बाजाराला मला धान्याच्या काट्यावर बसवायलेत. वजन वाढलं तर मालकाच्या रानात दुप्पट काम, उतरलं तर वाड्यातून दूध-तूप. माझी बायकू म्हनली, आलटून पालटून करा, तेवढंच तूप मिळंल. एक बैल लंगडा झाला तर मालकानं सांजच्याला दुसरा आनून बांधला. चाळीस वर्सात मालकानं मला कधी वैरनीची पेंडी दिली न्हाई हो, आन बैल दिला — दिला म्हंजे दोनाचे दोन दिसावेत म्हनून दिला, तो त्यायचाच. आन गावाचं तर इचारूच नका. पंगतीत आमटी खारट का आळनी, भांडन झालं की मला बोलावनं. मी बोट बुडवून चाटायचं. मला खारट लागली म्हंजे गावाला खारट. थंडी पडली का न्हाई, हे बी मलाच इचारतेत. आधी मला 'ए' म्हनायचे, मामा. 'ए, इकडं ये, ए, उचल ते.' आता पारावर गेलो की सरकून जागा देतेत, 'औसत आले, बसा औसत.' बरं वाटायचं मला. खोटं कामून बोलू, लय बरं वाटायचं.

पन घरची पोटूशी निघाली.

तुमी वस्तरा थांबवलाव का? चालू द्या, चालू द्या. तिला दिस गेलेले व्हतेच, राधाकिशननं मला लिहून काढलं तवाच गेलेले व्हते, पन खिडकीतून ते कुठं दिसतंय. आठ दिस झाले, लेक झाली. आन मालक माझ्या दारात आले — जन्मात पहिल्यांदा — बसले बी न्हाईत, हुभ्या हुभ्याच बोलले. चौथं लेकरू तुझ्या नावावर लागलं तर पोराचं वर्स गेलं, आन माझं रान करायला मला दुसरे लय मिळतील. मंग जरा नरमले आन म्हनले, तुझ्या चुलतभावाला मूलबाळ न्हाई, पटवाऱ्याकडं त्याच्या घरी लिहू, पोरगी तिकडं राहू दे, इम्तिहान झाला की हाय तुझी तुलाच. चुलतभाऊ म्हंजे भुजंग. मानूस वाईट न्हाई भुजंग. त्याची बायकू कोकिळा — बारा गावचे नवस करून बसलीय बिचारी, तिचं बी वाईट वाटतं. मी व्हय म्हनलो. काय करनार? साहेबाचा दौरा हाय तरी किती, एका दिसाचा. चार-आठ दिसाचा तर प्रश्न.

घरची काय म्हनली?  तिसऱ्या दिशी लेकीला पाजता पाजता म्हनली, "साहेबाला सांगा, भागून झालं आन एक उरली." बस्स, एवढंच. मी म्हनलं तुला हिसाबातलं काय कळतंय. आता मला तरी काय कळतंय, पन म्हनलो खरं. आन मी तिला — लेकीला — अजून घेतली न्हाई, मामा. समदे म्हनतेत बाप कसला हा, लेकराकडं बघंना. तसं न्हाई. घेतली की मोजल्यासारखं व्हतंय. एकदा मांडीवर घेतली की मंग ती चौथीच की. म्हनून मी लांबून चालतो. पन आज पहाटं निघताना ती झोपली व्हती आन मी वाकून बघितलं, घेतली न्हाई, निसतं बघितलं. तर तिचा कान. तुमी आत्ता धरलाव ना, हाच कान, वरून दुमडलेला, जनू कोनी चिमटीत धरून मुडपलाय. हा आमच्या तिन्ही पोरायत एकाला बी न्हाई. गावात कोनाला न्हाई. राधाकिशननं वय लिहिलं, उंची लिहिली, मिशी लिहिली, कान लिहिला न्हाई. त्याला दिसलाच न्हाई तो, पटक्याखाली असतो ना. आन ती माझा कान घेऊन आलीय. मला तिथंच बसून रडावं वाटलं. पन राधाकिशन बाहेर घाई करायला लागला, मोटार सुटंल, मोटार सुटंल.

आता बघा ना, इम्तिहान उद्या सकाळी. झरी कुठं लांब हाय का, पहाटंच्या मोटारीनं आलो असतो तरी पुरलं असतं. मालकच म्हनले, एक दिस आधी जा, दाढी-बिढी कर, धरमशाळंत निवांत झोप, ताजा दिसशील. माझी झोप कवापासून बघायलेत मालक? आन म्हनले, तू बिनघोर जा मुंजा, घरचं आमी बघतो.

घरचं आमी बघतो.

थांबा, मामा. थांबा जरा, वस्तरा बाजूला घ्या. सकाळी मोटारीकडं चाललो तर भुजंग कोरं धोतर नेसून दारात बसलेला. मी म्हनलं कुठं लग्नाला चाललाव का, तर तो मान खाली घालून हसला. पटवारी बी पारावर दिसला, तो कधी उन्हं आल्याबगर घरातून निघत न्हाई. आन भुजंगाच्या दारात बकरी बांधलेली. नवी. दुधाची. कोकिळा तिला पाला घालायलेली, आन मला बघून आत पळाली. मी म्हनलं बरं झालं, बकरी घेतली, चहाची सोय झाली. — चार दिसासाठी कोनी दुधाची बकरी आनतंय का, मामा? सांगा ना. चार दिसासाठी लेकराला माय येऊन पाजून जाती. बकरी कोन आनतंय? जिला ते लेकरू वाढवायचंय तीच आनती. ते आज न्यायलेत तिला, कायमची. मला दाढी करायला धाडलं आन तिकडं लेक उचलायलेत. आन मी इथं बसून मिशी सांभाळायलोय.

मामा, तुमाला लेकरं किती? तीन? खरं सांगता का — तीनच? देव हाय बघा. बैलं? बैलं कशाला असतील तुमाला. वस्तरे किती हायेत? दोन. चालतंय, दोन म्हना निसतं, साहेब कुठं दावनीला बघायला यायलाय. उठा बरं जरा. खांद्याला खांदा लावा. चार बोटं बुटके हाव, पन पटक्यात निघंल, मिशी बी माझ्याच मापाची हाय. हा घ्या माझा पटका. घ्या हो, धुतलेला हाय. न्हाई कसं, त्यात भ्यायचं काय हाय? साहेबानं मला कधी बघितलं न्हाई, मास्तरनं बघितलं न्हाई. राधाकिशन? त्यानं बी बघितलं न्हाई, मामा, हेच तर सांगायलोय. तो पटका बघून हाकतो. पटका पुढं चालला की तो मागं बिडी ओढत येनार. उद्या साहेबानं काही बी इचारलं तर 'जी हुजूर' म्हना. मी बी तेवढंच म्हननार व्हतो.

मालकाला कळंल, व्हय. रान जाईल. तो बैल बी सोडून नेतील, नेऊ द्या. आमटी खारट का आळनी, ते दुसऱ्या कोनाला इचारा म्हनावं. पोरगं पास झालं तर होऊ द्या, माझी त्याच्यावर काय अदावत न्हाई. मला लेक घ्यायचीय मांडीवर, एवढंच हाय.

मागून वाट हाय का? मोरीकडून? बरं. तुमी या खुर्चीत बसा, तोंड भिंतीकडं करा आन हाक मारली तर खाकरा. दाढी एका गालाची राह्यली तर राहू द्या, लेकीला काय कळतंय. कोकिळा सांजच्याला बकरी पिळून उठायच्या आत पोचलो पायजे. सरका.