हेल्मेट काढायचं नाही

"हॅलो? हां, प्रज्ञेश, बोल… नाही रे, एक तास झाला, दुसऱ्याला वेळ आहे. जिन्यात उभी आहे… वाचली. अख्खी पटकथा वाचली, म्हणून तर सकाळपासून फोन लावतेय तुला."

अक्षता सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. धाकट्या भावाच्या पहिल्याच सिनेमाची विज्ञान सल्लागारही तीच होती. उद्यापासून वाघोलीच्या पुढे एका दगडखाणीत त्याचा मंगळ उभा राहणार होता.

"वादळाचं राहू दे. तिथली हवा इतकी विरळ, की त्या वादळाने यान काय, तंबूही पडायचा नाही. तरी चालवून घेतलं मी… शेवटच्या प्रसंगाचं बोल. बाप जखमी होऊन बाहेर पडलाय, मुलगी शोधत येते, हेल्मेट काढते आणि दीड पान बोलते?… अरे, दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते माणसाची. दीड पान कुठलं… लोकांना चालतं, हे मला नको सांगूस. माझी पोरं हसतील थिएटरात… ए, ऐक ना. हे असंच राहणार असेल तर सिनेमातून माझं नाव काढून टाक… चिडले नाहीये, सांगतेय… बरं, पण काढतेच कशाला ती? रेडिओवर बोलता येतं की… चेहरा? चेहरा दिसायलाच हवा का?"

मग बराच वेळ प्रज्ञेशच बोलत राहिला. पुढच्या तासाची मुलं जिना चढू लागली, तशी अक्षता भिंतीला टेकून बाजूला झाली.

"हो… हो, करोनात तुला एकदाच वॉर्डात सोडलं होतं, ते तोंडबिंड झाकणारं पीपीई किट घालून. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी… काय?… बाबा तुला डॉक्टर म्हणाले?… 'डॉक्टरसाहेब, माझा मुलगा आलाय का बाहेर?'… अरे, मग सांगायचं ना, मीच आहे म्हणून… सांगितलंस… पटलं नाही त्यांना… आईला माहितीये हे?… नको. नको सांगूस… आहे, आहे. ऐकतेय."

तिने ओढणीने चष्मा पुसला आणि पुन्हा घातला.

"हे बघ, हेल्मेट काढायचं नाही… थांब, पुरतं ऐक. उन्हासाठी बाहेरून सोनेरी काच असते ना, आरशासारखी? तिच्यामुळे चेहरा दिसत नाही. ती वर सरकवता येते. आतली साधी काच तशीच राहते, हवा कुठे जात नाही… संध्याकाळ घे. सूर्य मावळलेला. आतला दिवा लावू दे तिला… हो, सगळा दिसेल. कपाळापासून हनुवटीपर्यंत… बोलू दे ना दीड पान. पण आधी बापाला तिला नावाने हाक मारू दे… बसतं रे विज्ञानात, सगळं बसतं… प्रज्ञेश?… बरं. नको बोलूस. मी आहे फोनवर."

वरून बाकं सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी कठड्यावरून वाकून "मॅडम" अशी हाक मारली. अक्षताने हातानेच थांबायची खूण केली. पलीकडून फोन ठेवला जाईपर्यंत ती जिन्यातच उभी राहिली.