खांडेनवमीचा हार

हुमनाबादहून निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या शिटावर एक भाऊ नि त्याची थोरली बहीण बसले होते.

“विरुपाक्ष, तुझी ती घरी बनवलेली लाकूड कोरायची मशीन चालू झाली का?”

“झाली अक्का. पर दोन दिवस जीव खाल्ली. लग्नघरचं दार कोरून द्यायचं होतं अन् ही जाग्यावरनं हालंना.”

“कामून?”

“मला वाटलं, वायरिंग चुकलं. तिन्ही मोटरा सोडून परत जोडलो. तिसऱ्या दिवशी आपोआपच चालू झाली.”

“आपोआप कसं?”

“कडेला एक स्विच बसवलोय, ते दबलं की मशीन थांबते. खांडेनवमीला आईनं मशीनची पूजा करून हार घातला तो नेमका त्याच्यावर. झेंडू वाळला, वजन घटलं, स्विच सुटलं.”

“आईला सांगितलास?”

“कसं सांगू? बसवण्णानं मशीन चालवली म्हणून ती गल्लीभर पेढे वाटायलीय.”

“अन् पुढच्या वर्षी?”

“हारासाठी वेगळा खिळा ठोकलोय, स्विचापासून लांब. आईनं विचारलं, हा कशाला?”

“काय सांगितलास?”

“म्हणलो, ह्या खिळ्याबिगर मशीन चालत न्हाई.”