रुंद चाकं

बहीण : ही असली चाकं कुणाला विचारून बसवलीस?

भाऊ : विचारायचं काय त्यात? सहा महिने गाडी माझ्याकडे आहे.

बहीण : होती. उद्यापासून माझ्याकडे. बाबांची गाडी चाळीस वर्षं पंधरा इंची चाकांवर चालली, काही बिघडलं नाही तिचं.

भाऊ : जुने टायर भेगाळले होते, ताई. नवे घ्यायचेच होते. जरा बरे घेतले तर तुझं काय गेलं?

बहीण : भेगाळले होते तर त्याच मापाचे घ्यायचे. अहो, तुमच्या दुकानात ते माप मिळत नाही का?

टायरवाला : मिळतं की. एकशे पासष्ट मिलिमीटर रुंदीचे चार नवे आत पडलेत. जुन्या रिमही इथेच आहेत. मी साहेबांना आधी तेच दाखवले.

भाऊ : तुम्हाला कुणी विचारलं?

टायरवाला : ताईंनी.

बहीण : आणि हे केवढे आहेत?

टायरवाला : दोनशे पाच. रिम सतरा इंची, पण टायर बसका, म्हणून उंची जवळजवळ तेवढीच राहते. रुंदी मात्र दोन बोटं जास्त.

भाऊ : रस्ता धरून चालते आता. चारचौघांत उठून दिसते.

बहीण : म्हाताऱ्या माणसाला फुटबॉलचे बूट घातल्यासारखी दिसते.

भाऊ : मग नको नेऊस.

बहीण : ते तुझ्या फार सोयीचं होईल. बाबा काय म्हणाले होते ते मलाही पाठ आहे. सहा महिने तुझे, सहा माझे, आणि ज्याला चालवता येणार नाही त्याने दुसऱ्याला देऊन टाकायची.

भाऊ : मग चालव की. ही घे किल्ली. इथल्या इथे वळवून दाखव.

(बहीण गाडीत बसते. स्टिअरिंग थोडं फिरतं आणि अडतं. ती उजवा हात मांडीवर ठेवते.)

बहीण : हे एवढं जड कधीपासून झालं?

टायरवाला : पॉवर स्टिअरिंग नाही ना या गाडीला. टायर जितका रुंद, तितका जोर हाताला. मी साहेबांना सांगितलं होतं.

भाऊ : पुरे झालं तुमचं.

टायरवाला : नाही साहेब, उद्या माझ्या दुकानावर खापर नको. ताई, मी म्हटलं होतं, रुंदच हवेत तर एकशे पंच्याऐंशी घ्या. साहेबांनी विचारलं, खांद्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला ते झेपतील का? मी म्हटलं, झेपतील. मग म्हणाले, दोनशे पाच टाका. मला वाटलं, बाई चालवणारच नसतील.

बहीण : म्हणजे माझा खांदा मोजून टायर घेतलेस तू.

भाऊ : हो, घेतले. बाबांनी तुला अठराव्या वर्षी स्टिअरिंगवर बसवलं. मी पस्तिशीचा झालो तरी मागच्या सीटवर. आणि शेवटची चार वर्षं त्यांचं आजारपण कुणी काढलं? बॅटरी उतरू नये म्हणून रोज गाडी कुणी सुरू केली? तू यायचीस, एक चक्कर मारायचीस, कौतुक ऐकून जायचीस.

बहीण : हे तेव्हा तोंडावर बोलायचं होतंस. मला लाज वाटते तुझी.

भाऊ : वाटू दे.

बहीण : अहो, हे चारही उतरवा. जुन्या रिमवर एकशे पासष्ट चढवा. होईपर्यंत मी इथेच बसते.

टायरवाला : साहेब?

भाऊ : करा काय ते. उद्यापासून गाडी तिच्याकडे आहे ना.

बहीण : आणि एक ऐकून ठेव. रस्त्यात कुठे बंद पडली, तरी मी तुला फोन करणार नाही.

भाऊ : ऑपरेशनच्या वेळी तरी कुठे केला होतास? मला दाजींकडून कळलं, पंधरा दिवसांनी.